मास्तरांचा नीटनेटका आजार

सकाळच्या चहाबरोबर सुजेवरची गोळी बायकोनंच दिली आणि मोठ्या दवाखान्यातली तपासणी पाण्यात गेली. तिला वाटलं, बिचारे रांगेत कण्हत बसायला नकोत. मास्तर डॉक्टरांसमोर बसले तेव्हा त्यांची बोटं अशी सडसडीत, की सुईत दोरा ओवून दाखवला असता.

"कुठं दुखतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आता कुठंच नाही," मास्तर म्हणाले आणि वर हसले.

मास्तर म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातले शिंपी. मधूनच ताप चढायचा, बोटं फुगायची, आणि काही दिवसांनी सगळं ओसरायचं. दर खेपेला आधीपेक्षा जास्त दिवस कात्री हातात धरवेना. असंच चाललं तर दुकानाला टाळं लागणार, हे नवरा-बायको दोघांनाही कळत होतं. आजाराला मात्र नाव मिळत नव्हतं. एक डॉक्टर म्हणे संधिवात, दुसरे म्हणे ॲलर्जी, तिसऱ्यांनी सगळं वयावर ढकललं. दोष त्यांचाही नव्हता. मास्तर दवाखान्यात जायचे ते दाढी घोटून, इस्त्रीचा शर्ट घालून, गोळी पोटात टाकून. परक्या माणसापुढं सुजकं ध्यान काय न्यायचं, असं त्यांचं म्हणणं.

"न उलगडणाऱ्या आजारांवर आमचं संशोधन चालू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला ताप चढलेला असतानाचंच रक्त हवंय. गोळी न घेता या. असाल तसे या."

"ऐकलंत ना?" बायको जिन्यातच म्हणाली. "नटायचं नाही."

"मी काय लग्नाला जातो?"

"दर खेपेला तसेच तर जाता."

झालं, आजार रुसला. बायको रोज सकाळी कपाळाला हात लावायची आणि तोंड पाडून म्हणायची, "आजही गारच." मास्तरांना ठणठणीत असल्याची लाज वाटायला लागली.

अखेर एका दुपारी, मशीनवर गिऱ्हाइकाची पँट असताना, ताप चढला. बोट इतकं सुजलं की सुई टोचू नये म्हणून घातलेलं अंगुस्तान निघेना. मास्तरांचा हात गोळ्यांच्या डबीकडे गेला, तर डबी बायकोच्या मुठीत.

"दे गं. जीव चाललाय."

"जाऊ दे. पण दवाखान्यात पोचल्यावर."

तिनं त्यांना बनियनवरच, गळ्यातल्या टेपसकट रिक्षात कोंबलं.

"वा, छान सुजलंय," डॉक्टरीणबाई खुशीत म्हणाल्या. मास्तरांना राग यावा की अभिमान वाटावा, कळेना.

त्या रक्तातल्या सुजेच्या खुणांवरून कुठली जनुकं तपासायची ते कळलं, आणि ती वाचून व्हायला काही आठवडे लागले. मग उत्तर आलं. एका जनुकात जन्मापासूनच बारीक चूक होती. तिच्यामुळं शरीराचे पहारेकरी चोर नसतानाच उठायचे आणि घरच्यांनाच बडवायचे.

"म्हणजे एक टाका चुकलाय," मास्तर म्हणाले.

"हो. आणि तो उसवता येत नाही. पण पहारेकऱ्यांना गप्प बसवणारं औषध आहे. रोज घ्यायचं."

औषध लागू पडलं. पुढच्या भेटीला मास्तर बोटं उघडमीट करून दाखवत होते, पण नजर डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटावर. खांदे पार कोपरापर्यंत उतरलेले.

"हा कुणी शिवलाय? काढा बघू. दोन दिवसांत नीट करून देतो. पैशाचं नाव काढायचं नाही."

त्याला आता तीन महिने झाले. हात चालतात म्हटल्यावर दुकानात कपड्यांचा ढीग लागलाय. परवा दवाखान्यातून फोन आला.

"मास्तर, माझा कोट?"

"झालाच की," दातांत टाचण्या धरून मास्तर म्हणाले. "फक्त काजं राहिलीत. उद्या या."

बायकोनं खुंटीकडे पाहिलं. कोटाची अजून एक शिवणही उसवलेली नव्हती.