वळणावरचा रोही

बायकोला माझं सगळं माहीत आहे. सातवीत शाळा सोडली ते, आणि गरिबीनं नव्हे तर कंटाळ्यानं सोडली, तेही. हे मात्र नाही. आईला नाही. देवापुढं उभा राहूनही मी हे ओठांवर आणलं नाही — तिथं आजूबाजूला माणसं असतात ना! तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बघा, सुरुवातच कशी भित्री झाली.

मी पुण्यात असतो. एका साहेबांकडे — मी त्यांना सर म्हणतो — जुन्या सायकली दुरुस्त करतो. जुन्या म्हणजे आजोबाच्या वेळच्या नव्हे, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या. पुढचं चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं, मागचं जेवायच्या ताटाएवढं. बसणारा पार वर, मोठ्या चाकाच्या डोक्यावर. ब्रेक नावापुरता. चाक कुठं अडलं की माणूस हँडलवरून थेट तोंडावर. शहाण्या माणसानं असल्या वस्तूवर बसावं का? पण पुण्यात अशी पंधरा-वीस शहाणी माणसं आहेत. वर्षातून दोन-चारदा ती लोकरीचे जाड कोट चढवतात, गुडघ्यापाशी आवळलेल्या तुमानी, लांब मोजे, चपट्या टोप्या. मिशांना मेण लावतात आणि रस्त्यावर निघतात. ज्या गोऱ्यांनी यांच्या पणजोबाला व्हरांड्यातसुद्धा उभं केलं नसतं, त्यांचे कपडे हे शिंप्याकडे चार-चार वेळा मापं देऊन शिवून घेतात. घामानं भिजतात, आणि म्हणतात, काय ऐट होती त्या काळाची!

मी त्यांना हसायचो. मनातल्या मनात. तोंडानं मात्र, "शोभून दिसतं सर."

सरांना हसायची माझी लायकी नाही. खामगावच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात त्यांना असलीच एक उंच सायकल सापडली होती. कापसाच्या धंद्यातल्या कुण्या गोऱ्याची असावी, असं ते म्हणायचे. चाकाचा आस गंजून बसलेला. मी तेव्हा खामगावात पंक्चर काढायचो. तीन दिवस रॉकेल पाजून, हातोडी न लावता, मी तो आस सोडवला. सरांनी माझा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "चल पुण्याला." सातवीत शाळा सोडलेल्याचा हात तो! त्यांनी खोली दिली, काम शिकवलं, चारचौघांत मला अहो म्हटलं. हे उपकार फिटणारे नाहीत. पण उपकाराखाली माणूस सरळ उभा राहतो, असं कोणी सांगितलं तुम्हाला? मी तर रोज सकाळी हाच विचार करत उठायचो — आज आपलं काहीतरी चुकणार, आणि आज आपल्याला परत पाठवणार.

आता मामा. सुदाम मामा, आईचा भाऊ. बाप गेल्यावर आई मला घेऊन खामगावजवळच्या उंद्रीला त्याच्याकडेच आली. मामाला स्वतःचं शेत नव्हतं. गावातले दहा-बारा शेतकरी मिळून त्याला राखणीला ठेवायचे. तूर-हरभरा उभा राहिला की रोही उतरतात — तुम्ही नीलगाय म्हणता ते जनावर. नाव गाईचं, पण अंग घोड्याचं. कळप एकदा शिरला की पाटीभर हरभरा उरत नाही. मामा पहाटे मला सायकलच्या दांडीवर बसवून शेतावर न्यायचा. धुक्यात रोही उभे असायचे, ओल्या दगडासारखे, नुसते कान हलायचे. एकदा बांधावरून अस्वल गेलं, पाठीवर पिल्लू घेऊन. मामानं पायडल थांबवलं आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला बिडीचा वास होता. रोही रोज एकाच ठिकाणी लेंड्या टाकतो, हे त्यानं मला दाखवलं. खुरांवरून तो सांगायचा — नर का मादी, चालत गेला का पळत, रात्री का आत्ता. गावात त्याला कोणी राव म्हणत नव्हतं. पण सुदाम म्हणाला पूर्वेच्या बांधानं आले, की पूर्वेच्याच बांधानं आले. त्याची इस्टेट म्हणाल तर एवढीच. सुदामचा शब्द.

ती खाल्ली कोणी? मीच.

सरांच्या मनात आलं, खामगावची ती सायकल तिच्याच मुलखात एकदा चालवून आणावी. थंडीत सगळी मंडळी टेम्पोत सायकली घालून आली. मीच म्हटलं होतं, उंद्रीकडून जाऊ, शिवारातला रस्ता चांगला आहे, सकाळी जनावरं दिसतात. खरं कारण — मला गावाला दाखवायचं होतं. काय दाखवायचं होतं? तेच, जे तुम्हाला वाटतंय.

या उंच चाकाचं टायर भरीव रबराचं असतं, लोखंडी पाळीत, म्हणजे रिममध्ये, नुसतं डिंकासारख्या काळ्या मसाल्यानं चिकटवलेलं. टेम्पोत उन्हानं तापलं की तो मसाला सुटतो. म्हणून सरांचा नियम होता: निघण्याआधी प्रत्येक चाक अंगठ्यानं दाबून, बाजूला ओढून, सगळीकडून बघायचं. कुठं हललं तर ते चाक रस्त्यावर जाणार नाही. हे काम माझं. या कामात अंगठा, बोटं, मनगट, सगळं काळं होतं, आणि ते काळं महिनाभर जात नाही.

त्या सकाळी सरांनी मला एक कोट दिला. तपकिरी, लोकरीचा, कोपरांना चामडं लावलेला. सोबत तुमान, मोजे, टोपी. म्हणाले, आज तुम्ही मेकॅनिक नाही, आमच्यातले.

आमच्यातले! ज्यांना मी इतकी वर्षं हसत होतो, त्यांच्यातला व्हायला मला किती वेळ लागला असेल? बटणं लावायला लागतो तेवढा. पारावर निम्मं गाव जमलेलं. माझ्या वर्गातला एक जण ओरडला, "काऊन बे गज्या, अर्धा पँट कोठी इसरून आला?" सगळे हसले. पण एक म्हातारी म्हणाली, "साह्यबावानी दिसून राह्यला पोरगा," आणि ते मी अजून विसरलो नाही. अशी माझी भूक.

चाकं तपासायची होती. बाह्या वर केल्या असत्या तर झालं असतं. कोट काढून ठेवला असता तरी झालं असतं. मी दोन सायकली तशा बघितल्या — बोटाच्या टोकानं, लांबून, शेण उचलायला लाजणाऱ्या सुनेसारखं. बाकीच्यांना नुसता हात लावला. सरांनी लांबून विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं.

मामाला मी वळणावर उभा केला होता. तिथं रस्ता दोन्हीकडून हरभऱ्यातून जातो आणि रोही आडवे येतात. ते हाकलायचे, रस्ता मोकळा झाला की खांद्यावरचा दुपट्टा वर करायचा, एवढंच त्याचं काम. त्यानं दुपट्टा वर केला. पुढं एक वकीलसाहेब होते, साठीचे, मेणाच्या मिशांचे. खामगावची ती सायकल त्यांनी हट्टानं मागून घेतलेली. मागं मी, साध्या सायकलवर. बाकीचे अजून मागं राहिलेले. वकीलसाहेब मान वर करून पाखरं न्याहाळत चाललेले. आणि मी पाहिलं — टायर पाळीतून बाहेर येतंय. जिभेसारखं. हाक मारायला एक श्वास होता माझ्याजवळ. मी तो गिळला. हाक मारली तर कळलं असतं ना, मी काय बघितलं नाही ते.

टायर चाक धरणाऱ्या लोखंडी काट्यात अडकलं आणि वकीलसाहेब हँडलवरून खाली आले. गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं, कपाळ फुटलं. डोळे उघडून त्यांनी विचारलं, "काय झालं?"

मी म्हणालो, "रोही आला, साहेब. एकदम आडवा."

विचार करून नाही बोललो. असं म्हणून मला सुटता येईल का? नाही. कारण सर धापा टाकत आले, आणि त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "टायर तपासलं होतंत ना?" तेव्हा विचार करायला वेळ होता. मी म्हटलं, "तपासलं होतं सर. चाक पिळवटल्यामुळं निघालं. रोह्यामुळं."

मामा पळत आला. वकीलसाहेब पडल्या पडल्या त्याच्यावर ओरडले — झोपला होतास का? दुपट्टा कशाला दाखवलास?  मामानं आधी रस्ता बघितला. मग हरभरा. बांधापासून बांधापर्यंत. ओली माती होती, रात्रीच्या दवाची. तिच्यात कोंबडीचा पायसुद्धा उमटला असता. एकही खूर नव्हता. मग त्यानं माझे हात बघितले. स्वच्छ हात, कोटाच्या स्वच्छ बाह्यांतून बाहेर आलेले. मग माझं तोंड.

मला वाटलं, आता बोलणार. खरं सांगू? मी मनात त्याला उत्तरसुद्धा जुळवून ठेवलं होतं — म्हातारपणी नजर गेली मामा तुमची, असं. माझ्या मामाला. दांडीवर बसवून नेणाऱ्याला.

मामा म्हणाला, "असन बाप्पा. मले नसन दिसला."

आणि वकीलसाहेबांना उठवायला त्यानंच खाली वाकून खांदा दिला.

गंमत ऐका. दुपारपर्यंत वकीलसाहेबांना तो रोही आठवायला लागला होता. संध्याकाळी त्याचे डोळे आठवले. पुण्यात आल्यावर शिंगं. आता ते मंडळींना सांगतात, निळसर काळा नर होता, माझ्याकडे रोखून बघत होता. मंडळी कोट झटकत मान डोलावतात. मी त्यांचं चाक पुसत असतो. मूर्ख म्हणावंसं वाटतं त्यांना. पण मूर्खाला जे खायला घातलं ते रांधलं कोणी?

गावात मामाची राखण पुढच्या हंगामाला दुसऱ्याला गेली. भांडण नाही, काही नाही. ज्याला रस्त्यावरचा रोही दिसत नाही, त्याच्या भरवशावर शेत कसं टाकायचं? बरोबरच होतं त्यांचं. मामा खामगावला एका जिनिंगच्या फाटकावर बसायला लागला. तिथं कापसाच्या गाड्या येतात नि जातात. तिथं जनावर म्हणजे कुत्री. तो मला कधी एका शब्दानं बोलला नाही. उलट ओळखीच्यांना सांगतो, "आपला गज्या पुण्याले मोठा कारागीर हाये." हे तो का करतो? मी विचारलेलं नाही. विचारायचं म्हणजे आधी सांगायला लागेल.

सर थकलेत आता. शेडच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. विश्वासू माणूस, म्हणतात. मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

गेल्या दिवाळीला गावी गेलो. मामाही आला होता. पारावर बसलो होतो सगळे. समोरून कुणाची तरी म्हैस चालली होती, रस्त्याच्या मधोमध, सावकाश. तोच माझ्या वर्गातला गडी म्हणाला, "सुदाम मामा, पाह्यजो बरं, म्हैस हाये ते. दिसून राह्यली का?" सगळा पार हसला. मामाही हसला, तोंडावर दुपट्टा धरून.

मी पण हसलो. सगळ्यांत मोठ्यानं.