शेळी उतरवायचा वार

"त्या शेळीला जाऊन सांगा मग, गुरुवारपर्यंत कळ काढ म्हणून!" जुमिराने फणसाच्या पाल्याचा भारा अंगणात आदळला. "कास तटतटलीय, शेपटीच्या मुळाशी खड्डे पडलेत, आणि तुम्ही बोटांवर वार मोजताय!"

"गुरुवार क्लिवोन," सात वारांना पाच बाजारवारांची जोड लावत तिचा नवरा तुगिरान शांतपणे म्हणाला. "आज मंगळवार पोन. पोनला गाभण जनावर हलवलं की करडू हाती लागत नाही. माझे वडील..."

"तुमच्या वडिलांच्या गोठ्याला असल्या फटी नव्हत्या, पाकने."

नवऱ्याला ती 'पाकने' म्हणायची, म्हणजे पोरांचा बाप; तो तिला 'बुने', पोरांची आई. कालिगेसिंगच्या डोंगरात सगळ्यांच्याच शेळ्या खांबांवरच्या उंच गोठ्यात राहतात. लेंड्या आपोआप खाली पडाव्यात म्हणून तुगिरानने गोठ्याच्या नव्या बांबूपट्ट्यांत बोटभराऐवजी अडीच बोटं फट ठेवली. झाडलोट वाचली, पण गेल्या खेपेला याच शेळीच्या, मनिसच्या, करडाचा पाय त्यात अडकून मोडला आणि तिसऱ्या दिवशी ते गेलं. जुमिराने ते स्वतःच्या हाताने केळीखाली पुरलं होतं. या खेपेला मनिस चुलीशेजारीच विणार, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण तेवढं धूड शिडीवरून एकटीला थोडंच उतरवता येतं? गोणपाट अंथरावं, तर मनिस खुरांनी ओढून कोपऱ्यात सारायची.

"बू, पाणमोट दिसतेय!" सून वारिनी गोठ्यातून सासूला हाक मारत ओरडली.

जुमिरा शिडी चढेपर्यंत पहिलं करडू बाहेर आलंसुद्धा. ओलं, लटपटतं, आणि पहिल्याच धडपडीत मागचा पाय थेट फटीत.

"पाकने!"

तुगिरानने कसावा कंदाचे काप वाळत घातलेलं बांबूचं मोठं ताट उचललं, कसावा कोंबड्यांपुढे उलटला आणि तो गोठ्याखाली घुसला. जुमिराने पाय अलगद वर काढताच त्याने ताट डोक्यावर धरून खालून फटींना दाबलं.

"डावीकडं! अजून डावीकडं!"

"डावीकडं लेंड्यांचा ढीग आहे, बुने!"

"मग उभे राहा त्याच्यावर!"

तो राहिला. वरून पाणी आलं, लेंड्या आल्या, बरंच काही आलं. ताट हललं नाही. दुसरं करडू निपचित होतं. जुमिराने त्याचं नाक पुसलं, गवताच्या काडीने नाकपुडीत गुदगुल्या केल्या, तेव्हा ते शिंकलं. वारिनी हसता हसता रडली. मनिस दोघांना चाटत हळू हुंकारत होती.

"बुने, काय झालं?" खालून आवाज आला.

"एक पाट, एक बोकड. पाय आठ. आठही धड."

"पोनला जन्मलेल्या जनावराचं मी मोजून..."

"मोजू नका." गुळाचं कोमट पाणी मनिससमोर ठेवत जुमिरा म्हणाली, "आता ती गाभण नाही, तेव्हा पोन चालतो. आत्ता आपण तिघं मिळून तिला नि पिल्लांना चुलीशेजारी नेणार. उद्या तुम्ही या सगळ्या पट्ट्या उपटून बोटभर फटीच्या घालायच्या. तोवर स्वयंपाक अंगणात. आणि यापुढे शेळ्यांसाठी वार मी ठरवणार."