कबुतरखान्याची प्रदक्षिणा

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या मराठी मंडळींत रत्ना देवपुजारींना नावाने फारसं कुणी हाक मारत नसे. त्या सगळ्यांच्या ‘फ्रेंचबाई’. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये एकतीस वर्षं त्यांनी फ्रेंच शिकवलं होतं. वर्गाच्या भिंतीवर फ्रान्सचा नकाशा होता. एप्रिलमध्ये पंखा बंद पडला की बाई छडीच्या टोकाने मुलींना फिरवून आणत. ही दोर्दोन्य नदी, तिच्या काठच्या कड्यांवर हे किल्ले, ही अक्रोडाची झाडं, हा गावाचा धुणं धुण्याचा छपराखालचा हौद. घामाने निथळणाऱ्या मुलींना नदीवरचा वारा लागल्यासारखं वाटे. बाई स्वतः मात्र फ्रान्सला कधी गेल्या नव्हत्या.

यजमान गेल्यावर त्या मुलाकडे, ऋषीकडे आल्या. अमेरिकेहून फ्रान्स म्हणजे एका रात्रीचं विमान, हे त्यांनी येण्याआधीच पाहून ठेवलं होतं. ऋषीने चार उन्हाळे “आई, नेक्स्ट समर पक्का” म्हणत ट्रिप कॅन्सल केली. एकदा प्रोजेक्ट आलं, एकदा नवं घर, एकदा सुनेचं बाळंतपण. चौथ्यांदा त्याने कारण सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

आणि गेलं कोण, तर लतिका राजवाडे! दोन गल्ल्या सोडून राहणारी, पुण्याची, सदा हसतमुख बाई. मुलीची, रीमाची सुट्टी शिल्लक होती. ती म्हणाली चल, आणि ही चप्पल घालून निघाली. परत आल्या आल्या फोन.

“अहो रत्नाताई, काय सांगू! ते डॉर्डॉग्ने हो, काय नदी आहे!”

“दोर्दोन्य,” बाई म्हणाल्या.

“तेच ते. सपाट बुडाच्या होडीतून हिंडलो. वर बघावं तर किल्ला, पुन्हा वळलं की पुन्हा किल्ला. तुम्हीच आठवत होतात सारख्या.”

फोन ठेवल्यावर बाईंनी चहा केला आणि तो न पिताच ओतून दिला. ज्या बाईला नदीचं नाव धड उच्चारता येत नाही, तिने त्या नदीत हात बुडवला होता. तेवढ्यावर भागलं नाही. पंधरा दिवसांत मंडळींचा सूर पालटला. फ्रान्सचं काही निघालं की माना बाईंकडे वळायच्या, त्या आता लतिकाताईंकडे वळू लागल्या. अमेरिकेत बाईंची म्हणून एवढी एकच जागा होती. घर मुलाचं, स्वयंपाकघर सुनेचं, गाडी चालवता येत नाही. आता तीही जागा चालली.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी गावच्या लायब्ररीत ज्येष्ठांचा मेळा भरे. या वेळी ठरलं, लतिकाताई फोटो दाखवणार. आदल्या आठवड्यात त्या लॅपटॉप घेऊन बाईंकडे आल्या.

“तुम्ही नजर घाला बाई. माझं हसं नको व्हायला.”

बाईंनी एकेक नाव दुरुस्त केलं. लाल पेन्सिल हातात नव्हती, एवढंच. बत्तिसाव्या फोटोवर त्या थबकल्या. शेताच्या कडेला दगडी गोल बुरूज, वर टोकदार छप्पर. पुढच्या फोटोत आतली भिंत, खालपासून वरपर्यंत शेकडो लहान कोनाडे. खाली लिहिलं होतं, ‘पुरातन प्रार्थनास्थळ. दिव्यांसाठी कोनाडे.’

“इथे इतकं शांत वाटलं ना!” लतिकाताई सांगत होत्या. “आम्ही चपला बाहेर काढल्या, प्रदक्षिणा घातली. एका कोनाड्यात रानफूल ठेवलं. सणासुदीला सगळे दिवे लावत असतील तर काय दिसत असेल!”

बाईंच्या पुस्तकात याचं चित्र होतं. पान एकशे बारा. तो कबुतरं पाळायचा बुरूज होता.

त्यांच्या ओठावर आलं होतं. पण डोळ्यांपुढे ते रानफूल आलं, ते ठेवणारा हात आला, आणि त्या म्हणाल्या, “हे ठीक आहे. पुढचं दाखवा.”

शनिवारी खोली भरली. किल्ल्यांना वा वा झालं, कातरलेल्या हिरव्या कुंपणांच्या बागांनाही झालं. मग बुरूज आला, प्रदक्षिणा आली, फूल आलं. दोघीतिघींनी हातही जोडले. बाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या.

मागून श्रीरामकाकांचा आवाज आला. निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. फोनवर पडताळल्याखेरीज त्यांना सूर्योदयही पटत नसे.

“लतिकाताई, देऊळबिऊळ नाही हो हे. कबुतरखाना आहे!”

हशा पिकला. “म्हणजे कबुतरांना प्रदक्षिणा!” कुणीतरी म्हणालं. बाईंना वाटलं होतं, आता जिवाला थंडावा मिळेल.

लतिकाताई जराही डगमगल्या नाहीत. “छे हो काका! तुमचा फोन चुकतोय. एकेक फोटो फ्रेंचबाईंनी तपासलाय. त्या चुकतील का?”

आणि सगळ्या माना, कित्येक दिवसांनी, बाईंकडे वळल्या.

नजरचुकीने राहिलं म्हणावं, तर एकतीस वर्षांवर पाणी. खरं सांगावं, तर या बाईला तोंड कसं दाखवायचं? लतिकाताई विश्वासाने हसत बघत होत्या. त्या हसण्याचाही बाईंना हेवा वाटला.

“कबुतरखानाच आहे,” त्या उठून म्हणाल्या. “मला माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही.”

लतिकाताईंचं हसू हळूहळू मावळलं.

“का हो रत्नाताई?”

“तुम्ही गेलात म्हणून.”

लतिकाताईंनी पुढे येऊन फोटो पालटायचं रिमोट बाईंच्या हातात जवळजवळ कोंबलं. “मग आता सांगा. सगळं सांगा. माझं हसं झालंच आहे, निदान कळू दे तरी कशापायी.” आवाजात राग होता, आणि तो लपवलेला नव्हता.

बाईंनी सांगितलं. एकेका कोनाड्यात कबुतरांची एकेक जोडी, खाली साठणारं खत शेतात सोन्यासारखं जपलेलं, किती कोनाडे असावेत ते काही भागांत मालकाकडे जमीन किती, यावरून ठरे. पंधरा मिनिटं खोलीत कुणी हललं नाही. वर्गातला तो आवाज परत आला होता.

“पण आत कसं वाटतं हो?” पुढच्या रांगेतल्या विनीताकाकूंनी विचारलं. “गार असतं? वास येतो का अजून?”

पान एकशे बारावर ते नव्हतं.

रिमोट त्यांनी लतिकाताईंपुढे धरलं. “ते यांना विचारा.”

“गार,” लतिकाताई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांची नजर बाईंवरच होती. “माठाच्या पोटात बसल्यासारखं. आणि वास सुक्या गवताचा.”

बाई खुर्चीत परतून ऐकत होत्या. हेवा काही कमी झाला नव्हता. तरी त्या जराशा पुढे सरकून बसल्या आणि म्हणाल्या, “आणि उजेड? उजेड कुठून यायचा?”