एकशे पंच्याण्णव फुटांची सही

वेंडेल स्ट्रोम लिंबाच्या वड्या घेऊन दारात उभा राहिला, तेव्हाच डोरीन क्वामच्या मनात पाल चुकचुकली. समोरच्या घरात तो एकोणतीस वर्षं राहत होता. त्याची बायको गेली तेव्हा डोरीननेच दोन आठवडे त्याचं जेवण पोचवलं होतं. पण स्वतः काही करून आणायची बुद्धी त्याला आजवर झाली नव्हती. आणि आता एकदम काचेचं भांडं भरून वड्या, शिवाय भांड्याखाली एक कागद.

"रस्त्याचा अर्ज आहे गं. खड्डे बघतेस ना? नगरपालिकेने नवा करावा म्हणून."

मिनेसोटातल्या त्या लहानशा शहरात, गोड घेऊन आलेल्या माणसासमोर कागद वाचत बसणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणण्यासारखं. डोरीनने न वाचता सही केली. भांडं रिकामं परत जाऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी केक भाजून दिला. आणि मग तळमळत बसली.

तिने तेहतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. मागच्या बाकावर कोण काय करतंय हे तिला आरशात न बघता कळायचं, निदान तिचं तरी तसं म्हणणं होतं. त्यामुळे पुढच्या आठवड्यात एक जमीन मोजणीवाला तिच्या गवतात गुलाबी झेंडे रोवू लागला, तशी ती पायात सपाता असतानाच बाहेर आली.

"हे कोणाच्या परवानगीने?"

"बाई, ही जागा नगरपालिकेची. तुमची हद्द त्या झुडपापासून आत."

"गवत इतकी वर्षं मी कापते, आणि जागा तुमची?"

"कापल्याबद्दल आभार," तो म्हणाला, आणि पुढचा झेंडा रोवला.

तिने त्याच्या गाडीचा नंबर लिहून ठेवला.

मग पत्र आलं. नव्या रस्त्याचा काही खर्च कडेच्या घरमालकांकडून घेणार होते, फुटाला साठ डॉलर. डोरीनचं घर कोपऱ्यावरचं. पुढे साठ फूट, बाजूला एकशे पस्तीस, आणि दोन्ही रस्ते या कामात येत होते. अकरा हजार सातशे डॉलर. घरपट्टीबरोबर पंधरा वर्षांत फेडता येतील, म्हणजे बोजा माणसावर नाही, घरावर.

हेच तिला लागलं. ती चौऱ्याहत्तर वर्षांची. तिच्यामागे घर लायलचं, तिच्या मुलाचं. लायलला झटके यायचे, म्हणून त्याला गाडी चालवायचा परवाना मिळत नव्हता. मैलभरावरच्या हार्डवेअरच्या दुकानात तो चालत कामाला जायचा. आपल्या पश्चात त्याच्या डोक्यावर छप्पर असावं आणि त्या छपरावर कोणाचं काही देणं नसावं, एवढीच गोष्ट तिने आयुष्यभरात जमवली होती.

तिने कचेरीत फोन केला. ट्रूडी नावाची कारकून बोलली. "सह्या माणसांवर मोजत नाहीत हो, फुटांवर मोजतात. रस्त्याच्या पस्तीस टक्के लांबीचे मालक अर्जात आले, की मंजुरीला पाचांपैकी तीन नगरसेवक पुरतात. नाहीतर चार लागतात."

"माझ्याशिवाय किती होते?"

"एकतीस टक्के."

"आणि माझ्यासकट?"

"सदतीस."

पाचांपैकी दोन नगरसेवक रस्त्यांच्या खर्चाला कायम विरोध करायचे, हे शहरभर ठाऊक होतं. डोरीन फोन ठेवून तडक रस्ता ओलांडून गेली. वेंडेल अंगणात पानं गोळा करत होता.

"काय रे, एक वडी किती फुटांना पडली?"

"म्हणजे?"

"माणूस नको होतं तुला, माझे फूट हवे होते. तुझ्या पुतण्याचा सिमेंटचा धंदा आहे ना?"

वेंडेल कानापर्यंत लाल झाला. "पुतण्याला मध्ये आणू नकोस. अर्ज माझा नाही, डोरीन. मी नुसता फिरवला."

"मग कोणाचा?"

"ते नाही सांगणार. शब्द दिलाय मी."

अर्जामागे पुतण्याच आहे, अशी आता तर तिची खात्रीच पटली. नगरसेवक ज्यात मत देणार ती सुनावणी सुरू होईपर्यंत सही मागे घेता येत होती. गुरुवारी सातची सुनावणी. साडेसहालाच ती सही मागे घ्यायचं पत्र घेऊन सभागृहाच्या दारातल्या टेबलापाशी पोचली.

"आधी मूळ अर्ज दाखवा."

ट्रूडीने फाइल सरकवली. "बघा ना. कोणीही बघू शकतं."

पहिल्या पानावर हाताने लिहिलं होतं: 'हिवाळ्यात कडेला बर्फाचे ढीग असतात. चालणाऱ्याला रस्त्यातून जावं लागतं. जानेवारीत एका ट्रकचा आरसा माझ्या दंडाला लागला. रस्ता नवा करताना कृपया फुटपाथही करावा.' खाली नाव नव्हतं. पण डावीकडे कललेली ती अक्षरं डोरीनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर, शेजारी बसून, स्वतः गिरवून घेतली होती.

लायल मागच्या रांगेत बसला होता. ती तडक त्याच्यापाशी गेली.

"दंड दाखव."

"आई, इथे?"

"बर्फावर पडलो म्हणालास तू मला."

"खरं सांगितलं असतं तर तू रोज गाडीने सोडायला आली असतीस."

"आलेच असते!"

"मी एक्केचाळीस वर्षांचा आहे गं." त्याने आवाज खाली आणला. "तू सही करणार नाहीस म्हणून वेंडेलला पाठवलं. त्याला नको रागावूस."

"अरे, हे देणं तुझ्याच डोक्यावर येणार आहे. त्यासाठीच तर मी..."

"ठाऊक आहे. पगारातून भरीन. पण मी चालतो, आई. तू नसतानाही चालणारच आहे."

त्याचा दंड कोटाखाली होता, तरी तिची नजर तिथून हलत नव्हती. जानेवारीपासून तो रोज त्याच रस्त्याने जात होता आणि ती रोज खिडकीतून हात हलवत होती.

ती टेबलापाशी परत आली. पत्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर उभ्याउभ्या लिहू लागली.

"सही मागे घेताय ना?" ट्रूडीने विचारलं. "पाच मिनिटं राहिलीत."

"नाही. सही राहू दे." डोरीन लिहीतच होती. "ही आकारणीबद्दल हरकत. बाजूच्या रस्त्याला माझं दारसुद्धा नाही, तिथे पूर्ण दर कसा? आणि ते एकशे पस्तीस फूट कोणी मोजले, त्याचं नाव मला लेखी पाहिजे."

"हरकत आज लेखी दिलीत ते बरं केलंत. तोंडी धरत नाहीत."

"वाटलंच मला."

ट्रूडीने कागदावर शिक्का मारला. सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं. डोरीनने तो उजेडात धरून, वेळ नीट उमटलीय का ते पाहिलं, आणि एक प्रत मागून घेतली.