शकूरभाईंची दूरची गाणी

केळीवरच्या करपा रोगाबद्दल एका प्राध्यापकांचं बोलणं मी रेकॉर्ड करत होते, तेव्हा शकूरभाईंच्या मुलीचा, नसरीनचा फोन आला. "मॅडम, अब्बा गेले. पहाटे फजरच्या नमाजानंतर जरा पडतो म्हणून खूण केली, आणि..." दीड महिना झाला त्याला.

जळगावात आमच्या कॉलेजचं लहानसं रेडिओ केंद्र आहे, ते मी सांभाळते. पिकं, हवामान, आरोग्य असे आमचे कार्यक्रम. शकूरभाईंनी आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं. तरुणपणी दोन वर्षं ते मुंबईत एका हॉटेलात वाजवायचे. तिथल्या एका गोवेकर वादकानं त्यांना जॅझचं वेड लावलं आणि निघताना पिशवीभर कॅसेटी दिल्या. म्हातारपणी ती पिशवी घेऊन ते आमच्याकडे आले आणि रविवारी दुपारी चार वाजता 'दूरची गाणी' सुरू झाली. जॅझ, मग ब्लूज, मध्येच क्यूबाकडचा एखादा नाच. क्रम त्यांच्या मनाचा. "हा माणूस दुसऱ्याच्या शेतात राबायचा," ते सांगायचे, "आवाज तेवढा त्याचा स्वतःचा होता. ऐका."

खरं सांगायचं तर हा कार्यक्रम बंद करायला मीच निघाले होते. इथे कोण ऐकणार हे, असं मी त्यांना तोंडावर म्हणाले. ते रागावले नाहीत. "एक रविवार द्या, मॅडम. फोन घेऊन बघू." त्या रविवारी एकच फोन आला, जवळच्या खेड्यातून, कापूस वेचायला जाणाऱ्या वेणूअक्कांचा. "भाऊ, त्या बाईनं गानं माले समजनं नही. पन तिनं दुख बठ्ठं समजनं." तिचं दुःख सगळं समजलं म्हणे. शकूरभाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढची कॅसेट लावली. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. नाशिकला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. बोलणं गेलं, ट्रम्पेटही गेलं. आता ते येत नाहीत असं आम्ही धरून चाललो आणि त्या वेळेत पाककृती सुरू केल्या. महिन्याभरानं ते गळ्याला रुमाल गुंडाळून दारात उभे. खिशातून वही काढून लिहिलं, "रविवार कोणाला दिला?" "कोणालाच नाही," मी म्हणाले. सपशेल खोटं. पाककृती मी त्याच दिवशी शनिवारवर ढकलल्या.

मग ते चिठ्ठ्या लिहायचे आणि मी वाचायचे. पहिल्या दिवशी मी बातम्यांसारखं वाचत सुटले. त्यांनी चिठ्ठी सरकवली, "सावकाश. गाणं कुठे पळून जात नाही." पुढे वेणूअक्कांचा फोन आला, "ते भाऊ कुठे गयात?" मी शेजारी पाहिलं. शकूरभाईंनी मान हलवली... सांगा. मी सांगितलं, त्यांचा आवाज गेलाय, पण ते इथेच बसलेत, गाणी तेच निवडतात. मग त्या म्हणाल्या, "भाऊले सांगा, आम्ही ऐकी ऱ्हायनूत." शकूरभाईंनी हेडफोन काढून ठेवला, चष्मा पुसला. मग मला बोटानं दाखवलं, पुढचं गाणं लावा.

ते गेल्यावरच्या रविवारी मी एकटीच बसले. लिहिलेलं काही नव्हतं. नसरीननं आणून दिलेल्या कॅसेटींतली एक लावली. काही बोलायच्या ऐवजी ऐकत राहिले. टेबलाच्या उजव्या कडेला हात गेला. तिथला सनमायका दोन बोटांएवढा घासून पांढुरका झालाय. इतकी वर्षं ते तिथे दोन बोटांनी ताल धरायचे, आणि माझ्या ते कधी लक्षातच आलं नव्हतं. परवा टेबलाचा सनमायका बदलायला माणूस आला होता. त्याला म्हटलं, बाकीचा सगळा बदला, ही कड राहू द्या.