सुभेदारांची माती आणि थायरॉईडची गोळी

"मॅडम, तुमचं मशीन एकदा सर्व्हिसिंगला द्या," डॉक्टर देवरे फोनवर म्हणाले. आवाजात हसू होतं, पण थोडंसंच.

नाशिकरोडला माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. डॉक्टर देवरे देवळाली कॅम्पात फिजिशियन आहेत. ओळख जुनी. ते सहसा असं बोलत नाहीत.

"काय झालं सर?"

"खैरनारांचा टीएसएच. डोस वाढवला, तरी वर. पुन्हा वाढवला, तर आणखी वर. असं होत नाही. एकतर पेशंट गोळी घेत नाही, नाहीतर तुमचा रिपोर्ट चुकतोय. आणि खैरनार रिटायर्ड सुभेदार आहेत. गोळी चुकवणारा माणूस नाही तो."

म्हणजे उरलो आम्ही.

टीएसएच म्हणजे काय, ते आधी सांगते. आपल्या गळ्यात थायरॉईड नावाची छोटी ग्रंथी असते. शरीराचं काम कोणत्या वेगानं चालायचं, हे ती ठरवते. ती सुस्तावली की मेंदूखालची दुसरी एक ग्रंथी तिच्यावर ओरडायला लागते. काम कर, काम कर! त्या ओरडण्याचं माप म्हणजे टीएसएच. आकडा मोठा, म्हणजे आरडाओरडा जास्त. अशा वेळी थायरॉईडचं हॉर्मोन गोळीतून देतात. ते शरीराला मिळालं की ओरडणं कमी होतं आणि आकडा खाली येतो. सुभेदारांचा येत नव्हता.

आधी घरचं तपासायला घेतलं. रोज सकाळी पेशंटची सॅम्पल्स लावण्यापूर्वी आम्ही कंट्रोल लावतो. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं असं सॅम्पल. मशीननं ते बरोबर सोडवलं तरच पुढचं काम. सुभेदारांच्या टेस्टच्या दिवशीचे कंट्रोल चोख होते. सुभेदारांचं उरलेलं सॅम्पल फ्रीजमध्ये होतं, ते पुन्हा लावलं. तोच आकडा. थोडं दुसऱ्या लॅबला पाठवलं. तिथलाही जवळपास तोच.

"मॅडम, मशीन निर्दोष सुटलं," आमची टेक्निशियन वर्षा म्हणाली.

मी डॉक्टरांना फोन केला. "सर, आकडा खरा आहे."

"मग डोस आणखी वाढवतो. दुसरं काय करणार?"

"एक दिवस थांबा ना. मला त्यांच्याशी बोलू द्या."

"बोला. पण लवकर. माणूस सध्या झोपेत चालल्यासारखा चालतोय."

आम्हा पॅथॉलॉजिस्टना पेशंट फारसे भेटत नाहीत, त्यांच्या ट्यूबा भेटतात. त्यामुळे सुभेदार खैरनारांना मी प्रथमच समोर पाहत होते. उंच माणूस, ताठ बसलेला. मिशा नीट कातरलेल्या. पण चेहरा सुजलेला, आणि भर मे महिन्यात अंगात स्वेटर. सोबत त्यांच्या पत्नी सुमनताई होत्या.

"जयहिंद मॅडम," ते म्हणाले. आवाज घोगरा, घशातच अडकलेला.

"ह्यांचा आवाज असा नव्हता हो," सुमनताई म्हणाल्या. "तोफखान्यात होते. ग्राउंडवर बोलायला लागले की मला घरात ऐकू यायचं."

कॅम्पाजवळच्या ग्राउंडवर सुभेदार पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना पहाटे पळायला लावायचे, फी न घेता. आता आवाज फुटत नव्हता म्हणून शिट्टी घेतली होती. भरती तोंडावर आली होती, आणि उस्ताद स्वतःच ग्राउंडच्या कडेला खुर्ची टाकून बसत होते.

"पोरी काय बोलत नाय तोंडावर," ते म्हणाले. "पण मला कळतं ना. उभं राहवत नाय मॅडम. लय थकवा."

मी प्रश्न सुरू केले. "गोळी कधी घेता?"

"पहाटे. उठल्या उठल्या. एक दिवस नागा नाय."

"उपाशीपोटी?"

"एकदम."

"चहा?"

"तासाभरानं. डॉक्टरसाहेबांची ऑर्डर हाय तशी."

हे सगळं पुस्तकात लिहिल्याबरहुकूम होतं. ही गोळी फार नाजूक असते. सोबत दूध, कॅल्शियम, लोहाची गोळी, अॅसिडिटीची काही औषधं, असलं काही पोटात गेलं की ते तिला धरून ठेवतं. ती रक्तात जायची ती संडासवाटे बाहेर जाते. म्हणून तेही एकेक करून विचारलं. दूध, कॅल्शियम, लोह, तिन्हींना उत्तर एकच, "नाय."

"अॅसिडिटीचं काही?"

"पहिले घ्यायचो. आता बंद. गरजच नाय राहिली."

सुमनताईंनी तोंडाला पदर लावला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागल्या.

"का हो ताई, हसताय का?"

"त्यांनाच विचारा."

सुभेदार जरा सावरून बसले. "माती घेतो मॅडम."

"माती?"

"खायची माती. साधी नाय. कॅम्पात निसर्गोपचाराचं शिबिर झालं, तिथं मिळाली. भाजून, वस्त्रगाळ केलेली. रात्री पाण्यात भिजत घालायची, पहाटे ढवळून प्यायची. पोटातलं सगळं विष धरून बाहेर काढते. छातीतली जळजळ अशी गेली!" त्यांनी चुटकी वाजवायचा प्रयत्न केला. सुजलेल्या बोटांची चुटकी वाजली नाही.

"आणि थायरॉईडची गोळी? ती कशाबरोबर घेता?"

"त्याच पाण्याबरोबर. दोनदा कशाला पाणी प्यायचं?"

दाराशी उभ्या असलेल्या वर्षानं हातातला ट्रे खाली ठेवला.

मी त्यांना समजावलं. चिकणमातीचे कण अतिशय बारीक असतात आणि जे भेटेल त्याला चिकटतात. छातीला बरं वाटलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण मातीला विष कोणतं आणि औषध कोणतं हे कळत नाही. पहाटे पहिली भेटते ती तुमची गोळी. माती तिला धरते आणि बाहेर घेऊन जाते.

सुभेदारांनी स्वेटरची बाही मागे सारली.

"म्हणजे मी गोळी घेत होतो, पण ती लागूच होत नव्हती."

"बरीचशी नाही."

"डॉक्टरांना सांगितलं का नाही हो?" सुमनताई एकदम उसळल्या.

"त्यांनी औषधं विचारली. आयुर्वेदिक काही घेता का, ते पण विचारलं. माती औषध हाय का? माती ती माती!" मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, उद्यापासून माती बंद. डोस चालू. ऑर्डर इज ऑर्डर."

"थांबा!" मी इतक्या जोरात म्हणाले की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले.

कारण खरी भीती तिथंच होती. डॉक्टरांनी दोनदा वाढवलेला डोस मोठा होता. माती मध्ये होती म्हणून तो अंगी लागत नव्हता. माती अचानक थांबवली तर तो सगळाच्या सगळा रक्तात उतरला असता. साठी उलटलेल्या हृदयाला ते झेपेलच असं नाही. धडधड, घाम, कदाचित त्याहून वाईट. मी त्यांच्यासमोरच डॉक्टर देवरेंना फोन लावला.

"माती?" डॉक्टर म्हणाले. मग ते इतके हसले की मी फोन कानापासून लांब धरला. "अहो, आणि मी तुमच्या मशीनला नावं ठेवत होतो! द्या त्यांना फोन."

डॉक्टरांनी डोस पुन्हा पहिल्याइतका केला, ईसीजी काढायला बोलावलं आणि माती बंद केली. सुभेदारांनी घासाघीस करून पाहिली. "साहेब, संध्याकाळी घेतली तर?" डॉक्टर म्हणाले, तिच्यात शिसं आहे की आणखी काही, हे मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही आणि विकणाऱ्यालाही माहीत नाही. मग सुभेदारांनी नाद सोडला.

जाता जाता दारात थांबून म्हणाले, "बरं झालं मॅडम. येत्या सोमवारपासून पोरींना पण चालू करणार होतो." त्यातल्या बऱ्याच मुली रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या घेत होत्या. माती लोहालाही सोडत नाही. मी हात जोडले.

राहिली अॅसिडिटी. तिचं कारण सुमनताईंनी डॉक्टरांना एका वाक्यात सांगितलं. ग्राउंडवरून परतताना नुसत्या चहावर झणझणीत मिसळ, वर जादा तर्री. मिसळ रविवारपुरती ठेवली आणि जळजळ बरीचशी आपोआप गेली.

दोनेक महिन्यांनी सुभेदार पुन्हा रक्त द्यायला आले. स्वेटर नव्हता. संध्याकाळी काउंटरवर "रिपोर्ट झाला का?" असा आवाज आला आणि आत बसलेल्या वर्षाच्या हातून पेन पडलं. टीएसएच नॉर्मलच्या हद्दीत आला होता. त्यांच्या ग्राउंडवरच्या मुलींपैकी दोघी भरतीत निवडल्या गेल्या. पेढे घेऊन त्या लॅबमध्ये आल्या, तेव्हा सुभेदारांनी त्यांना तिथंही रांगेत उभं केलं.

त्यानंतर आम्ही लॅबमध्ये विचारायची पद्धत बदलली. "कोणती औषधं चालू आहेत?" एवढ्यावर थांबत नाही. "सकाळी उठल्यापासून पोटात काय काय जातं?" असं विचारतो. लोक आधी "काही नाही" म्हणतात. आम्ही पेन हातात धरून थांबतो. मग हळूहळू मेथीचं पाणी निघतं, कोरफडीचा रस निघतो, परवा एका गृहस्थांकडून राख निघाली. वर्षाला मी सांगून ठेवलंय, पहिलं "काही नाही" लिहून घ्यायचं नाही.