घाईत निवलेला दांडा

आमच्या बाई चहावर कधी फुंकर मारायच्या नाहीत, आम्हालाही मारू द्यायच्या नाहीत. “निवू दे गो आपला आपण,” म्हणायच्या. रत्नागिरीच्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली संशोधन करायचे. त्यांच्या या निवण्यापायी माझ्या किती एसट्या चुकल्या, विचारू नका!

काम दिसायला साधं. दोन काचांमध्ये प्लास्टिक वितळवायचं, त्यात केसाहून बारीक कार्बनचा धागा ठेवायचा आणि ते निवताना सूक्ष्मदर्शकातून बघायचं. हळू निवलं की धाग्याच्या दोन्ही अंगांनी दाटीने स्फटिक उगवतात, तरव्यातल्या भाताच्या कोवळ्या रोपांसारखे. घाईने निवलं तर धागा बोडकाच राहतो. असा बोडका धागा दिसला की बाई त्याच्याशी पुटपुटायच्या. एकदा मी स्पष्ट ऐकलं, “दादा, जरा थांबला असतास.”

दादा म्हणजे त्यांचा पूर्णगडचा थोरला भाऊ. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमा झाली, सगळ्यांच्या होड्या निघाल्या आणि नेमका दादाच्या सुकाणूचा दांडा मोडला. बाईंनी कौतुकाने प्रयोगशाळेत कार्बनचे धागे घालून नवा करून दिला. दादा दारात घाई करत उभा, म्हणून साच्यातून काढलेला गरम दांडा त्यांनी सरळ पाण्याच्या बादलीत बुडवला. पुढे होडी सापडली, मोडका दांडाही सापडला. दादा सापडला नाही.

दांडा घाईने निवला म्हणून कच्चा राहिला, हे बाईंच्या मनाने कधीच ठरवलं होतं. पण तसे दांडे मोडून बघायची वेळ आली की त्यांना दुसरं काम आठवायचं. मला भारी राग यायचा. शेवटी निवृत्ती जवळ आली तेव्हा म्हणाल्या, “तूच कर. मी बघणार नाही.”

मी हळू निवलेले आणि पाण्यात बुडवलेले, दोन्ही प्रकारचे दांडे करून यंत्रावर मोडले. फरक नावालाच निघाला. होडीचं सुकाणू जेवढा जोर लावील त्याच्या कितीतरी पट जोर दोन्हींनी सोसला. तो दांडा मोडायला होडी खडकावरच आपटायला हवी होती. मी आनंदाने धावत गेले आणि सांगितलं, बाई, तुमची काही चूक नव्हती.

बाई अगदी हळू म्हणाल्या, “इतकी वर्षं तो माझ्यामुळे गेला होता गो. आता कुणामुळे गेला म्हणू?”